सोळाने भागताना

जूनमध्ये लुबना लातूरला गेली आणि नांदेडच्या इतवाऱ्यातल्या त्या दोन खोल्यांत मुनीब एकटा उरला. बायको, मुबश्शिरा, करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली होती. तेव्हा घरात निदान दोघं तरी होती. आता सकाळी चहा टाकताना तो सवयीने दोन कप पाणी मोजायचा, मग एक कप ओतून द्यायचा.

मुनीब एका इंजिनिअरिंग कॉलेजात लॅब असिस्टंट होता. इलेक्ट्रॉनिक्सची लॅब. अठ्ठावीस वर्षं तो पोरांचे जळालेले बोर्ड दुरुस्त करत आला होता, आणि पोरांच्याच मागे उभं राहून त्यांच्यापेक्षा जास्त शिकला होता. पदवी नव्हती, त्यामुळे त्याला कुणी सर म्हणत नसे. मुनीबभाई म्हणत. प्रोजेक्ट अडलं की मात्र प्राध्यापकसुद्धा त्याच्याच टेबलापाशी यायचे.

लुबनाला डॉक्टर व्हायचं होतं. निदान सगळे तसं म्हणत होते आणि तिने कधी नाही म्हटलं नव्हतं. डॉक्टर व्हायचं म्हणजे लातूरचा क्लास करायचा, हे आता मराठवाड्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. औसा रोडच्या बाजूला एका तीन मजली होस्टेलात तिला जागा मिळाली. होस्टेल तारामतीबाईंचं. खाली त्यांचं स्वयंपाकघर, वर चौसष्ट पोरी.

रविवारी फोन व्हायचा. जेवलीस का, हो. अभ्यास, चालूय. तब्येत, बरी. घरात दोघं दखनीत बोलायची, पण कुठल्याही भाषेत एवढंच बोलणं व्हायचं. एका रविवारी मात्र ती म्हणाली, "अब्बा, परवा क्लासात जमिनीतून आवाज आला. गूं करून. सर म्हणाले, टँकर असेल."

"मग असेल टँकर."

"टँकर नव्हता."

लातूरकडच्या जमिनीतून असे आवाज अधूनमधून येतात आणि बहुतेक वेळा त्यातून काही होत नाही, हे मुनीबला ठाऊक होतं. पण किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी तो वीस-एकवीस वर्षांचा होता. नांदेडहून मदतीचा ट्रक निघाला, त्यात जनरेटर चालवायला त्याला नेलं होतं. दुसऱ्या दिवशी एका ढिगाऱ्यापाशी एक म्हातारा त्याच्याजवळ आला आणि म्हणाला, पोरा, जरा मशीन बंद कर, आवाज ऐकू दे. त्याने जनरेटर बंद केला. पन्नास माणसं श्वास रोखून उभी राहिली. खालून काहीच आलं नाही. मग म्हाताऱ्यानेच हाताने खूण केली, कर चालू. हे त्याने मुबश्शिराला एकदा सांगितलं होतं, लुबनाला कधीच नाही.

ज्याला धीर देता येत नाही तो वस्तू देतो. मुनीब म्हणाला, "मी तुला एक यंत्र बनवून देतो. टँकर कोणता आणि हादरा कोणता, ते सांगेल."

"खरंच?" तिच्या आवाजात बऱ्याच दिवसांनी काहीतरी हललं.

यंत्र म्हणजे साबणाच्या वडीएवढा एक बोर्ड, त्यावर थरथर मोजणारा सेन्सर, एक मेमरी कार्ड आणि एक दिवा. शांत असेल तर हिरवा, पावलं किंवा गाडी असेल तर पिवळा, जमीन हादरली तर लाल, आणि मग बटण दाबेपर्यंत लालच. ओळखायचं काम मॉडेलचं, म्हणजे जुन्या नोंदींवरून शिकणाऱ्या प्रोग्रामचं. मुनीबने इंटरनेटवरून भूकंपाच्या जुन्या नोंदी उतरवून घेतल्या. ट्रक, टँकर आणि जिन्यावरच्या पावलांच्या नोंदी त्याने स्वतः केल्या. कॉलेजच्या जिन्यावर सेन्सर ठेवून तो सुट्टीच्या दिवशी एकटाच वरखाली करत बसे. वॉचमनने दोनदा विचारलं, भाई, तब्येत ठीक हाय ना? लॅपटॉपवर हे मॉडेल पायथन या संगणकभाषेत शिकलं, आणि चांगलं शिकलं. शंभरात सत्त्याण्णव वेळा बरोबर.

अडलं ते पुढे. लॅपटॉप काही होस्टेलच्या भिंतीला टांगता येत नाही. भिंतीवर जाणाऱ्या त्या चिमुकल्या बोर्डाला पायथन कळत नव्हतं, त्याला सी भाषा कळायची. म्हणजे मॉडेल आधी दाबून लहान करायचं, मग बोर्डाला पचेल अशा रूपात बदलायचं, आणि त्याच्या अवतीभवतीचा सगळा हिशेब सी मध्ये नव्याने लिहायचा. रूपांतर करणारं साधन पहिल्याच दिवशी अडून बसलं. ही क्रिया चालत नाही, म्हणालं. ती बदलली तर दुसरी चालेना. मुनीबने नेटवर शोधलं. जगात कुठेतरी एका माणसाला तीन वर्षांपूर्वी हीच अडचण आली होती. त्याने प्रश्न लिहिला होता आणि चार दिवसांनी त्याखाली त्यानेच लिहिलं होतं, सुटलं, धन्यवाद. कसं सुटलं, ते नव्हतं. मुनीबने त्याला निरोप पाठवला. उत्तर आलं नाही. तरी तीन आठवडे मुनीब रोज कॉलेजातून आल्यावर आधी ते पान उघडायचा.

ऑगस्ट संपता संपता रूपांतर एकदाचं झालं. टेबलावर मूठ आपटली की दिवा पिवळा व्हायचा. टेबलाखाली मोटर लावून, भूकंपाच्या नोंदीसारखी थरथर दिली की लाल. मुनीबने वीस वेळा करून बघितलं, वीस वेळा जमलं. दोन सप्टेंबरला तो लातूरला गेला आणि तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी, लुबनाच्या खोलीपासून चार पावलांवर यंत्र भिंतीत पक्कं बसवून आला. वरच्या मजल्याला झोका जास्त बसतो, म्हणून तिथे. पोरी भोवती जमल्या होत्या. लुबना मागे उभी होती, पण तिच्या चेहऱ्यावर थोडा अभिमान होता. निदान मुनीबला तसं वाटलं.

आठ तारखेला, शुक्रवारी, संध्याकाळी सहाच्या सुमारास तारामतीबाईंचा फोन आला.

"मुनीबभाई, तुमचं यंत्र दिसायला लई गोजिरं हाय, पन कामाचं न्हाई."

"काय झालं ताई?"

"आता सव्वापाचला जमीन हालली. डब्यावरली झाकणं वाजली माझ्या हितं. पोरी वरडत खाली पळाल्या. त्या किनवटच्या सिंधूचा पाय मुरगाळला जिन्यात. आन् तुमचा दिवा हिरवाच. मी सोता वर जाऊन बघितला, हिरवा."

"लुबना?"

"सगळ्या उतरल्या की खाली. बरी हाय. टीव्हीवर बी दाखवायलेत, बारका धक्का होता."

त्याने लुबनाला फोन लावला. ती म्हणाली, मी बरी आहे. यंत्राचं तिने काही काढलं नाही, आणि त्यालाही काढता आलं नाही.

तेव्हापासून मुनीब झपाटल्यासारखा चुकीच्या जागी शोधत राहिला. त्याचा सगळा संशय रूपांतरावर. ज्याने त्रास दिला तोच चोर, असं मन धरून बसतं. मॉडेल लहान करताना त्याचे बारकावे पुसले गेले असतील, म्हणून त्याने ते पुन्हा दाबलं, कमी दाबलं, न दाबता बघितलं. टेबलावर प्रत्येक वेळी बरोबर. लॅबमधल्या नव्या प्राध्यापकांना, आलोक सरांना, त्याने विचारलं. सर मोबाइलमधून मान वर करून म्हणाले, "मुनीबभाई, असल्या गोष्टी कंपन्या करतात. तुम्ही कशाला डोकं लावता?" मग मुनीबने कुणालाच विचारलं नाही.

महिना संपताना त्याला जे पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं ते सुचलं. टेबलावरची थरथर त्याने स्वतः केलेली होती. लातूरची थरथर त्याने अजून बघितलीच नव्हती. यंत्र सेन्सरचा प्रत्येक आकडा मेमरी कार्डावर टिपत होतं. त्याने तारामतीबाईंना फोन केला.

"त्याच्यावर मी फडकं टाकून ठेवलंय," त्या म्हणाल्या. "पोरी हसतात त्याला."

"चालूच आहे ना पण?"

"चालू हाय बापडं."

गुडघ्यांमुळे त्या एरवी तिसऱ्या मजल्यावर चढत नसत, पण दुसऱ्या दिवशी बुधवारी सकाळीच चढल्या. कार्ड काढून पाकिटात घातलं आणि लातूर-नांदेड गाडीच्या कंडक्टरकडे दिलं. दुपारी मुनीबने बसस्टँडवर ते घेतलं आणि कॉलेजात अर्धी रजा टाकून घरी आला.

आता एकच नियम. एकच नोंद दोघांनाही द्यायची, लॅपटॉपलाही आणि बोर्डालाही, आणि दर पायरीला थांबून दोघांचे आकडे शेजारी शेजारी मांडायचे. आठ सप्टेंबर, सव्वापाच. लॅपटॉप म्हणाला, हादरा, बऱ्याण्णव टक्के. बोर्ड म्हणाला, शांत. मुनीब शेवटून मागे मागे येत गेला. मॉडेलमधून बाहेर पडणारे आकडे वेगळे. आत जाणारे आकडेही वेगळे. म्हणजे मॉडेलच्या आधीच गडबड होती. बोर्डावर मॉडेलमध्ये जाणारे आकडे बहुतेक सगळे शून्य होते. सेन्सरने टिपलेल्या कच्च्या आकड्यांत मात्र थरथर स्वच्छ दिसत होती. तीन, उणे सात, अकरा, उणे नऊ.

मध्ये एकच ओळ होती. कच्च्या आकड्याला सोळाने भागायचं. पायथनमध्ये तीनला सोळाने भागलं की शून्य पूर्णांक एक हजार आठशे पंचाहत्तर दशसहस्रांश येतात. सी मध्ये पूर्ण आकड्याला पूर्ण आकड्याने भागलं की उत्तरही पूर्णच लागतं, उरलेलं ती टाकून देते. तीनला सोळाने भागलं, शून्य. अकराला सोळाने भागलं, शून्य. सोळाच्या आतलं जे जे काही होतं, ते सगळं शून्य. टेबलावर मूठ आपटली की आकडे पाचशे-सातशेवर जायचे, त्यात टाकून दिलेला तुकडा कुणाला दिसणार? लातूरची जमीन तेवढ्या मोठ्याने बोललीच नव्हती.

त्याने सोळाच्या पुढे टिंब आणि शून्य लिहिलं. आता तो पूर्ण आकडा राहिला नाही. बोर्ड म्हणाला, हादरा, एक्क्याण्णव टक्के.

आनंद झाला तो कुणाला सांगावा, हे त्याला कळलं नाही. त्याने लुबनाला फोन लावला. बंद होता. क्लासात असेल, असं म्हणून त्याने फोन ठेवला. हात रिकामे राहू नयेत म्हणून त्याने कार्डावरचे सगळे दिवस नव्या हिशेबातून काढायला घेतले. महिनाभरात किती टँकर, किती पावलं, किती शांतता, एवढं बघायचं होतं.

पोरी साडेसातला क्लासला जातात, दीडला जेवायला येतात, हे त्याला ठाऊक होतं. तारामतीबाई आठला बाहेरच्या गेटला कडी घालून स्वयंपाकाला लागतात. म्हणजे आठ ते एक तिसरा मजला शांत हवा. पहिले काही दिवस तसा होता. अकरा तारखेपासून नव्हता. रोज आठनंतर पिवळं. पावलं. जिन्यावरची नव्हेत, सपाटीवरची, एकाच माणसाची. अकरा पावलं, थोडा थांबा, परत अकरा पावलं. कधी अर्धा तास, कधी दोन तास सलग. दुसऱ्या दिवशी पुन्हा. रविवार सोडून रोज.

आधी त्याने आपलीच चूक धरली. नुकतंच तोंड पोळलं होतं. आठ तारखेची वेळ जुळली होती, पण नंतर कधी वीज जाऊन घड्याळ चुकलं असेल. अशा यंत्रांत साडेपाच तासांचा घोळ नेहमी होतो, परदेशी वेळ धरली जाते आणि दुपारचं सगळं सकाळी दिसायला लागतं. त्याने टँकर शोधला. तारामतीबाईंचा पाण्याचा टँकर सोमवारी आणि गुरुवारी सकाळी सहाला येई. नोंदीत तो सोमवारी आणि गुरुवारी सहालाच होता, दोन-चार मिनिटं इकडेतिकडे. घड्याळ बरोबर होतं. आणि यंत्रापासून चार पावलांवर लुबनाची खोली होती.

मग त्याला आठवलं, पोरगी गैरहजर असली की क्लास पालकांना मेसेज पाठवतो. तसं त्यांनी प्रवेशाच्या वेळी सांगितलं होतं. त्याला एकही आला नव्हता. फॉर्म लुबनाने भरला होता. पालकांचा नंबर या रकान्यात तिने कोणता नंबर लिहिला असेल?

तो उठला आणि कपाट उघडलं. मुबश्शिराचा फोन तिच्या ओढण्यांखाली होता. बंद करून ठेवलेला, पण दर महिन्याला त्यात तो सगळ्यात लहान रिचार्ज टाकत आला होता, का ते त्याने स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं. फोन चार्जिंगला लावला. पाच-सात मिनिटांनी पडदा उजळला, आणि एकामागून एक तीन मेसेज आले. आपली पाल्य आज गैरहजर आहे. सोमवारचा, मंगळवारचा, आजचा. जुने वाटेतच विरून गेले असावेत.

मुनीब तिथेच कपाटाला टेकून खाली बसला.

सकाळच्या पहिल्या गाडीने तो निघाला. लोहा, अहमदपूर, चाकूर करत साडेदहाला लातूरला उतरला, रिक्षा केली. तारामतीबाई मेथी निवडत होत्या. त्याला बघून त्या म्हणाल्या, "काल तर कार्ड धाडलं, आज तुमीच?"

"लुबना वर आहे."

"न्हाई ओ, क्लासला गेली सगळी." मग त्याचं तोंड बघून त्यांचा हात थांबला. "वर हाय? रोज दप्तर घेऊन पोरींसंगं जाती की जिन्यानं."

"जिन्याने परत वर येत असेल. तुम्ही आत असता."

त्यांनी मेथी बाजूला सारली. "अगाई," एवढंच म्हणाल्या, हळूच.

तो वर चढला. लुबना जिन्याकडे पाठ करून चालत होती, अनवाणी. टोकाच्या खिडकीपाशी थांबली, वळली, आणि तो दिसला. ती पळाली नाही, रडली नाही. फक्त हातातलं पुस्तक मिटलं.

"तारामतीबाईंनी सांगितलं?"

"नाही. त्यांना ठाऊक नव्हतं."

तो खोलीच्या उंबरठ्यावर बसला. ती उभीच राहिली. तो म्हणाला, "बस ना."

"बसलं की हलतं."

"काय हलतं?"

"जमीन. क्लासात बाकावर बसलं की हलते. चालताना नाही कळत." ती भिंतीकडे बघत बोलत होती. "त्या दिवशी सगळ्या पळाल्या. सिंधू मला ओढत होती. मलाही कळलं होतं, अब्बा, पलंग हलला होता माझा. मी बाहेर येऊन दिवा बघितला. हिरवा. मी तिला म्हटलं, काही नाही, जा तू, माझ्या अब्बांचं यंत्र आहे. आणि इथंच उभी राहिले. सगळं थांबल्यावर मग खाली उतरले."

त्रेसष्ट पोरी खाली आणि ही एकटी तिसऱ्या मजल्यावर, त्याच्या दिव्यावर भरवसा टाकून.

"नंतर त्या हसल्या. लुबनाच्या अब्बांचा सिग्नल कायम हिरवा. हसू देत. पण टीव्हीवर आलं ना, मग मला समजेना. तुमचं यंत्र म्हणतं नाही, माझा पलंग म्हणतो हो. आता मला रोज हलल्यासारखं होतं आणि दिवा रोज हिरवा. म्हणजे मलाच काहीतरी झालंय. अम्मी गेल्यावर झालं होतं तसं."

अम्मी गेल्यावर काय झालं होतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. दोघं एकाच घरात होती तेव्हाची ती गोष्ट होती.

त्याने पिशवीतून लॅपटॉप काढला आणि उंबरठ्यावरच उघडला. "इकडे ये."

पडद्यावर आठ सप्टेंबरची नोंद होती. सव्वापाचपर्यंत सपाट रेघ, मग एक दाट, काटेरी गाठ, मग पुन्हा सपाट. "हा तो हादरा. यंत्राने टिपला होता. सेन्सर बरोबर होता, तू बरोबर होतीस. पुढचा हिशेब मी चुकीचा लिहिला. लहान आकडे मी शून्य करून टाकले."

"चूक तुमची?"

"माझी."

ती वाकून बघत राहिली. मग हळूच त्याच्या शेजारी उंबरठ्यावर टेकली. "हे केवढं आहे?"

"सात सेकंद."

"मला जास्त वाटलं होतं," ती म्हणाली. आणि मग तिला रडू आलं. त्याने लॅपटॉप मिटला नाही, तसाच मांडीवर धरून बसला, आणि दुसरा हात तिच्या पाठीवर ठेवला. असा हात ठेवल्याला किती वर्षं झाली, ते त्याला आठवेना.

दुपारी तारामतीबाईंनी दोघांना वाढलं. विचारलं काहीच नाही. लुबनाने अर्धी भाकरी खाल्ली. मुनीबने वर जाऊन फडकं काढलं, कार्ड जागेवर बसवलं, नवा हिशेब बोर्डात घातला, आणि तारामतीबाईंना सांगितलं की आता चुकलं तर मला शिव्या द्या, पण कळवा.

"कळवीन," त्या म्हणाल्या. "आन् पोरीचं?"

त्याने लुबनाकडे बघितलं. ती बॅग भरत होती. कुणी भर म्हटलं नव्हतं.

नांदेडला आल्यावर पहिले आठ दिवस ती नुसती झोपली. मग वजिराबादच्या एका डॉक्टर बाईंकडे दोघं जाऊ लागली, आठवड्यातून एकदा. बाई लुबनाशी आत तासभर बोलत, मुनीब बाहेर बाकावर बसे. मेडिकलची परीक्षा तिने पुढच्या वर्षी घरीच अभ्यास करून दिली, नंबर लागला नाही, नांदेडमध्येच बी.एस्सी.ला नाव घातलं. डॉक्टर न झाल्याचं तिला किती लागलं, हे त्याला नीट कळलं नाही. विचारायचं तो ठरवायचा आणि मग चहाचं विचारायचा.

लुबना परतली त्याच वर्षी डिसेंबरात धर्माबादहून त्याची बहीण आली होती. जेवताना तिने विचारलं, "एवढे क्लास लावले, खोली केली, अन् पोरगी मधीच का आली रे?"

"मी बोलावली," मुनीब म्हणाला.

लुबना आत भाकऱ्या करत होती. तिने ऐकलं असावं. थोड्या वेळाने ती बाहेर आली, फुफीच्या ताटात गरम भाकरी टाकली, मुनीबच्या ताटात टाकली, आणि आत गेली.